रोहिंग्या: वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

म्यानमारची किंवा बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांची बातमी आली की ठरावीक प्रश्न येऊ लागतात. कुणाला खरोखर माहिती हवी असते, कुणी चिडून विचारतं, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मेसेजची खातरजमा करायची असते. असे वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यानं प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. जे एकदा सांगून झालं, तिथे पुढे फक्त क्रमांक दिला आहे.

१. रोहिंग्या म्हणजे नेमके कोण आणि कुठले?

म्यानमारच्या पश्चिम टोकाला, बंगालच्या उपसागराला लागून राखाइन राज्य आहे. त्याचं जुनं नाव आराकान. उरलेल्या म्यानमारपासून ते आराकान योमा या डोंगररांगेनं तुटलेलं आहे, तर बंगालकडे जायला फक्त नाफ नदी ओलांडायची. राखाइनच्या उत्तरेला माँगडॉ, बुथीडाँग आणि राथेडाँग हे तालुके आहेत, तिथला मुख्य समाज रोहिंग्यांचा. बहुतेक सुन्नी मुस्लीम. थोडी हिंदू कुटुंबंही याच भागात राहत आली आहेत. भाषा चितगावच्या बोलीला जवळची आहे. २०१७ पूर्वी म्यानमारमध्ये त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती.

याच राज्यात बहुसंख्य असलेले राखाइन बौद्ध हे बर्मी लोकांपेक्षा वेगळे. त्यांचं स्वतःचं राज्य बर्मी राजानं १७८४-८५ मध्ये बुडवलं, त्याची सल अजून आहे. हे लक्षात ठेवा. प्रश्न १४ मध्ये त्याचं काम पडेल.

२. पण हे तर इंग्रजांच्या काळात आलेले बंगालीच ना? म्यानमार सरकार तेच सांगतं.

यात थोडं खरं आहे, म्हणूनच हा युक्तिवाद चालतो. १८२६ साली आराकान इंग्रजांकडे गेल्यावर भातशेतीसाठी चितगावकडून मजूर मोठ्या संख्येनं आले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुसलमान तिथे त्याआधीपासून होते. म्राउक-यू इथल्या आराकानी राजांच्या नाण्यांवर फारसी अक्षरं आहेत, राजे मुस्लीम पदव्या लावत, दरबारात बंगाली कवी होते. १७९९ मध्ये, म्हणजे इंग्रज सत्ता यायच्या पाव शतक आधी, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन यानं आराकानात फार पूर्वीपासून वसलेल्या आणि स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवणाऱ्या मुसलमानांची नोंद केली आहे.

शिवाय १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि टिळकांना मंडालेला पाठवलं, ते एकाच सरकारनं, एकाच राज्यात. चितगावहून आराकानात गेलेला मजूर त्या काळी परदेशी गेलाच नव्हता. आणि समजा, एखाद्याचा पणजोबा १८९० साली आलाही असेल, तरी १९९० साली तिथेच जन्मलेल्या पणतूला परका ठरवायचं का? खरा वाद तिथे आहे. इतिहासाची ही सगळी झटापट त्यावर पडदा टाकायला कामी येते, असं माझं मत झालं आहे.

३. त्यांना नागरिकत्व कधी होतं का? होतं तर गेलं कसं?

होतं. आणि या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर इतरांसारखीच त्यांनाही राष्ट्रीय नोंदणी कार्डं मिळाली. ते मतदान करत, त्यांचे खासदार निवडून येत. पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारनं १९६१ मध्ये उत्तर आराकानसाठी मायू सरहद्द प्रशासन नावाची वेगळी व्यवस्था केली. सरकारी रेडिओवर रोहिंग्या भाषेत कार्यक्रम लागे.

१९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि वारं फिरलं. १९७८ मध्ये ‘नागामिन’ नावाची कारवाई झाली. म्हणायला ती परकीयांची तपासणी होती. प्रत्यक्षात मारहाण, बलात्कार, अटका. दोन लाखांहून जास्त लोक बांगलादेशात पळाले. बहुतेकांना परत पाठवण्यात आलं आणि चार वर्षांत, १९८२ मध्ये, नवा नागरिकत्व कायदा आला. १८२३ च्या आधीपासून देशात असलेल्या ‘राष्ट्रीय वंशां’ना पूर्ण नागरिकत्व, अशी त्याची मांडणी. सरकारी यादीत असे १३५ वंश आहेत. त्यात रोहिंग्या नाहीत. बाकीच्यांना पूर्वजांचे कागद दाखवून खालच्या दर्जाचं नागरिकत्व मागता येतं, पण तीन-चार पिढ्यांपूर्वीचा कागद खेड्यातल्या शेतकऱ्यानं आणायचा कुठून?

पुढचं काम कायद्यापेक्षा कारकुनी रीतीनं झालं. १९८९ पासून जुनी कार्डं जमा करून रंगीत कार्डं देणं सुरू झालं. अनेक रोहिंग्यांची जुनी कार्डं गेली, नवी आलीच नाहीत. १९९५ पासून हातात पांढरं तात्पुरतं कार्ड पडलं. त्यावर नागरिकत्वाचा दावा करता येत नसे, तरी २०१० च्या निवडणुकीत त्यावर मतदान करू दिलं. २०१५ मध्ये तेही रद्द. त्यानंतर ‘राष्ट्रीय पडताळणी कार्ड’ पुढे करण्यात आलं, म्हणजे आपण नागरिक नाही हे आधी कबूल करा, मग तपासू.

श्वे माँग यांचं उदाहरण घ्या. २०१० साली ते लष्कराच्याच पाठिंब्याच्या पक्षातर्फे खासदार झाले. पाच वर्षं संसदेत बसले. २०१५ मध्ये उमेदवारी अर्ज भरला, तर सांगण्यात आलं की तुमच्या जन्माच्या वेळी तुमचे आईवडील नागरिक नव्हते.

४. कागद नसला तर रोजच्या जगण्यात नेमका काय फरक पडतो?

तालुक्याबाहेर जायला परवाना लागे. शेजारच्या गावी मुक्काम करायचा तरी कळवावं लागे. लग्नाला परवानगी, तिला पैसे, आणि वाट बघण्यात महिने, कधी वर्षंसुद्धा. माँगडॉ आणि बुथीडाँगमध्ये फक्त रोहिंग्यांसाठी दोन अपत्यांची मर्यादा होती; तिसरं मूल झालं किंवा परवानगीशिवायच्या लग्नातून झालं, तर नोंद नाही.

सगळ्याचं मूळ म्हणजे घरयादी, कुटुंबातल्या माणसांची सरकारी नोंद. अधिकारी वर्षातून एकदा गावात येत, घरातल्या सगळ्यांना दारापुढे रांगेत उभं करत आणि फोटो काढत. त्या दिवशी कामाला किंवा औषधोपचाराला गेलेला माणूस जागेवर नसला की नावावर काट. एकदा नाव कापलं गेलं की तो स्वतःच्या घरात बेकायदा राहणारा ठरे. त्याला ठेवून घेणारे आईवडीलही गुन्हेगार.

५. २०१२ मध्ये काय झालं होतं?

जून आणि ऑक्टोबरमध्ये राखाइन बौद्ध आणि मुस्लीम यांच्यात हिंसाचार झाला. मरणारे दोन्हीकडचे होते, पण विस्थापित झालेल्या सुमारे १ लाख ४० हजारांत बहुसंख्य रोहिंग्या. त्यांना राखाइनची राजधानी सित्वे, तिच्या बाहेरच्या छावण्यांत ठेवलं ते ‘तात्पुरतं’. त्यातले बरेच अजून तिथेच आहेत. सित्वे शहरात आँग मिंगलार नावाची एकच मुस्लीम वस्ती उरली, तिच्या तोंडांवर पोलीस बसले.

६. २०१७ मध्ये नेमकं काय घडलं?

संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांच्या राखाइनविषयीच्या आयोगानं २४ ऑगस्ट २०१७ ला अहवाल प्रसिद्ध केला. हालचालींवरचे निर्बंध उठवा, नागरिकत्व कायद्याचा फेरविचार करा, असं त्यात होतं. त्याच रात्री, २५ तारीख उजाडायच्या आत, ‘आरसा’ या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटानं तीसेक पोलीस चौक्यांवर आणि एका लष्करी तळावर हल्ला केला. त्या गटाबद्दल प्रश्न ७ पाहा. त्यानंतर लष्करानं जे केलं त्याला प्रत्युत्तर म्हणता येणार नाही. गावंच्या गावं पेटवण्यात आली, पुरुषांना वेगळं काढून गोळ्या घातल्या, बायकांवर सामूहिक बलात्कार झाले. ३० ऑगस्टला तुला तोली गावात नदीच्या वळणात अडकलेल्या लोकांची कत्तल झाली. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं नाफ ओलांडून गेली.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं छावण्यांत केलेल्या पाहणीनुसार पहिल्या महिन्यात हिंसेनं मेलेल्यांची संख्या किमान ६,७०० होती, त्यात पाच वर्षांखालची ७३० मुलं. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीनं २०१८ मध्ये दहा हजार मृत्यू हा सावध अंदाज मानला आणि उपग्रहचित्रांवरून किमान ३९२ गावं अंशतः किंवा पूर्ण नष्ट झाल्याचं नोंदवलं.

एवढ्या मोठ्या आकड्यांत माणूस दिसत नाही, म्हणून इन दिन हे एकच गाव पाहू. २ सप्टेंबरला तिथे दहा रोहिंग्या पुरुषांना एका ओळीत गुडघ्यांवर बसवून फोटो काढला गेला. मच्छीमार, दुकानदार, एक धर्मशिक्षक, शाळेत शिकणारे दोघं. मग त्यांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं. हे शोधून काढणारे रॉयटर्सचे पत्रकार वा लोन आणि क्याव सो ऊ यांना गोपनीयता कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. पाचशेहून अधिक दिवसांनी, मे २०१९ मध्ये, ते माफीवर सुटले. या हत्याकांडाबद्दल सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती, ते वर्षाच्या आत बाहेर आले. खून करणाऱ्यांपेक्षा खुनाची बातमी शोधणारे जास्त दिवस तुरुंगात राहिले.

७. सुरुवात तर रोहिंग्या अतिरेक्यांनीच केली ना? आणि त्यांनी हिंदूंना मारलं त्याबद्दल कुणी का बोलत नाही?

बोललं गेलं आहे आणि बोलायलाच हवं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं मे २०१८ मध्ये तपशीलवार अहवाल दिला: २५ ऑगस्ट २०१७ ला खा माँग सेक भागात ‘आरसा’नं हिंदू स्त्री-पुरुष आणि मुलांना मारलं, मृतांचा आकडा ९९ पर्यंत असावा. ‘आरसा’नं आरोप फेटाळला. ऑक्टोबर २०१६ मध्येही याच गटानं सीमा पोलिसांवर हल्ले केले होते. त्याचा म्होरक्या अता उल्लाह कराचीत जन्मलेला. मार्च २०२५ मध्ये बांगलादेशात पकडला गेला. छावण्यांतल्या रोहिंग्यांनाही या गटाचा जाच झाला आहे. निर्वासितांचे सर्वांत परिचित नेते मोहिब उल्लाह यांची सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली, त्यात याच गटाच्या लोकांवर ठपका आहे.

आता राहिला ‘सुरुवात’ हा मुद्दा. चौकीवर हल्ला करणाऱ्याला पकडणं हे पोलिसांचं काम आहे. त्यासाठी शेकडो गावं जाळणं आणि पाच वर्षांखालची पोरं मारणं हे कोणत्याच कायद्यात बसत नाही. आणि प्रश्न ३ व ४ मधलं जवळजवळ सगळं ‘आरसा’च्या पहिल्या हल्ल्यांच्या आधीचं आहे.

८. यात फेसबुकचं नाव का येतं?

त्या काळात म्यानमारमध्ये इंटरनेट म्हणजेच फेसबुक होतं. त्यावर रोहिंग्यांविरुद्ध द्वेषाचा पूर आला होता, त्यातला बराचसा लष्कराच्या माणसांनी बनावट पानांवरून चालवलेला. बर्मी भाषा समजणारे तपासनीस कंपनीकडे मोजकेच होते. लष्करप्रमुख मिन आँग लाइंग यांचं खातं तिनं काढलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये, सत्यशोधन समितीचे निष्कर्ष जाहीर झाले त्या दिवशी.

९. याला ‘नरसंहार’ म्हणायचं की ‘वांशिक निर्मूलन’?

सप्टेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार उच्चायुक्त झैद राद अल हुसैन यांनी याला वांशिक निर्मूलनाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हटलं. एखाद्या भागातून एका समाजाला हुसकावून तो भाग ‘साफ’ करणं, असा त्याचा अर्थ. पण आंतरराष्ट्रीय कायद्यात तो स्वतंत्र गुन्हा नाही. नरसंहार हा १९४८ च्या करारानुसार गुन्हा आहे. त्यात किती मेले यापेक्षा तो समाज पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू होता का, हे सिद्ध करावं लागतं. हेतू कागदावर लिहून कोणी ठेवत नाही, त्यामुळे हीच सर्वांत अवघड पायरी.

सत्यशोधन समितीनं नरसंहाराबद्दल वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची चौकशी व खटला व्हावा असं म्हटलं. अमेरिकेनं मार्च २०२२ मध्ये ‘नरसंहार’ असं अधिकृतपणे जाहीर केलं. हा सरकारांचा आणि तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. न्यायालयाचा निकाल ही वेगळी गोष्ट, त्यासाठी पुढचा प्रश्न.

१०. गांबिया कुठे आणि म्यानमार कुठे! त्यांनी खटला कसा भरला?

नरसंहारविरोधी करारावर सही करणारा प्रत्येक देश दुसऱ्या प्रत्येकाला जबाबदार असतो, म्हणून. स्वतःचं नुकसान दाखवण्याची गरज नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या या चिमुकल्या देशाचे तेव्हाचे कायदामंत्री अबुबकर तांबादू यांनी रवांडातल्या नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या लवादात काम केलेलं होतं. कॉक्स बाजारच्या छावण्यांत ऐकलेल्या हकिकतींचं रवांडाशी असलेलं साम्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. इस्लामी सहकार्य संघटनेच्या पाठिंब्यानं ११ नोव्हेंबर २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज दाखल झाला.

डिसेंबरमध्ये म्यानमारची बाजू मांडायला तेव्हा सरकार चालवणाऱ्या आँग सान सू ची स्वतः गेल्या. २३ जानेवारी २०२० ला न्यायालयानं एकमतानं अंतरिम आदेश दिला: नरसंहाराची कृत्यं रोखा, पुरावे जपा, ठरावीक काळानं अहवाल द्या. जुलै २०२२ मध्ये म्यानमारच्या प्राथमिक हरकती फेटाळल्या गेल्या आणि मुख्य सुनावणीसाठी जानेवारी २०२६ ची तारीख लागली. हा दोन देशांमधला खटला आहे. यातून कुणी माणूस तुरुंगात जात नाही.

११. मग सेनापतींवर खटला कुठे?

त्यासाठी दुसरी संस्था आहे, तीही हेगमध्येच, म्हणून गोंधळ होतो: आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. म्यानमार तिचा सदस्य नाही. पण बांगलादेश आहे. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी असा मार्ग काढला की माणसांना सीमेपार हाकलणं हा गुन्हा म्यानमारमध्ये सुरू झाला आणि बांगलादेशच्या जमिनीवर पुरा झाला, म्हणून तेवढा आमच्या अखत्यारीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये चौकशीला परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अभियोक्ता करीम खान यांनी मिन आँग लाइंग यांच्या अटक वॉरंटसाठी अर्ज केला.

तिसरी वाट अर्जेंटिनाची. काही गुन्हे इतके गंभीर असतात की कोणत्याही देशाचं न्यायालय ते ऐकू शकतं, या तत्त्वावर ब्रिटनमधल्या एका रोहिंग्या संघटनेनं तिथे तक्रार केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं मिन आँग लाइंग यांच्यासह अनेकांवर वॉरंट काढली.

१२. सू ची यांना तर शांततेचं नोबेल मिळालं होतं. त्या गप्प का राहिल्या?

त्या गप्प राहिल्या नाहीत, बोलल्या, हीच तक्रार आहे. हेगमध्ये त्यांनी लष्करानं काही ठिकाणी प्रमाणाबाहेर बळ वापरलं असेल इतपत मान्य केलं. नरसंहाराचा आरोप अपुऱ्या आणि दिशाभूल करणाऱ्या चित्रावर उभा आहे असं म्हटलं, आणि ‘रोहिंग्या’ हा शब्द जवळजवळ वापरलाच नाही. लष्कर त्यांच्या हातात नव्हतं हे खरं. पण बहुसंख्य मतदारांना रोहिंग्यांचा कळवळा नव्हता, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या लष्कराची वकिली केली त्यानंच फेब्रुवारी २०२१ मध्ये उठाव करून सत्ता घेतली आणि त्यांना कैद केलं. प्रश्न ११ मधल्या अर्जेंटिनाच्या वॉरंटांत त्यांचंही नाव आहे.

१३. संयुक्त राष्ट्रांनी काय केलं?

चौकशा केल्या, पुरावे गोळा करायला २०१८ मध्ये जिनिव्हात स्वतंत्र यंत्रणा उभारली, महासभेत ठराव केले. जिथे दात आहेत त्या सुरक्षा परिषदेत चीन आणि रशिया आडवे आले. म्यानमारवर परिषदेचा ठराव मंजूर झाला तो थेट डिसेंबर २०२२ मध्ये, तोही लष्करी उठावाच्या निमित्तानं. चीन, रशिया आणि भारत तटस्थ राहिले. शस्त्रबंदी त्यात नाही.

१४. सध्या राखाइनमध्ये राज्य कुणाचं?

बहुतांश भागात लष्कराचं नाही. बुडालेल्या राज्याची सल असलेल्या राखाइन बौद्धांच्या (प्रश्न १) ‘आराकान आर्मी’ या सशस्त्र संघटनेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये युद्ध पुन्हा पेटवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये माँगडॉ घेऊन बांगलादेशलगतची सगळी सीमा ताब्यात आणली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते रोहिंग्यांनी इथे अनुभवलं. नागरिक मानायला तयार नसलेल्या लष्करानं २०२४ च्या सुरुवातीपासून त्यांच्याच तरुणांना सक्तीनं भरती करून आघाडीवर धाडलं. त्यामुळे राखाइनांचा राग त्यांच्यावर निघाला. मे २०२४ मध्ये बुथीडाँग जळालं. साक्षीदार आराकान आर्मीकडे बोट दाखवतात, ती नाकारते. ५ ऑगस्ट २०२४ ला नाफच्या काठावर पलीकडे जाण्यासाठी थांबलेल्या कुटुंबांवर ड्रोन आणि तोफांचा मारा झाला, त्यात लहान मुलांसह कितीतरी जण मेले. तेव्हापासून दीड लाखाच्या आसपास लोक पुन्हा बांगलादेशात आले आहेत.

१५. बांगलादेशातल्या छावण्यांत लोक जगतात कसे?

कॉक्स बाजार जिल्ह्यात उखिया आणि टेकनाफ इथे ३३ छावण्या, अकरा लाखांहून अधिक माणसं. डोंगरउतारावर बांबू आणि ताडपत्रीच्या खोल्या. पक्कं बांधायला परवानगी नाही, कारण पक्कं म्हणजे कायमचं. पावसाळ्यात उतार खचतात, उन्हाळ्यात आगी लागतात. मार्च २०२१ च्या आगीत किमान १५ जण गेले, सुमारे ४५ हजार बेघर झाले. प्रत्येक गटाचा एक माझी असतो, म्हणजे मुकादमासारखा. तक्रार, भांडण, यादी सगळं त्याच्यामार्फत.

रीतसर नोकरी करता येत नाही, म्हणून सगळा संसार शिध्यावर. २०२५ मध्ये तो होता माणशी महिना १२ डॉलर, साधारण हजार रुपये. २०२३ मध्ये देणग्या आटल्या तेव्हा तो आधी १० आणि मग ८ डॉलरवर आला, पुढे वाढवला. मार्च २०२५ मध्ये तो ६ करणार असं जाहीर झालं आणि ऐन वेळी टळलं. त्याच वर्षी पैशाअभावी मुलांची हजारो शिकवणी केंद्रं बंद करावी लागली. समुद्रातल्या भासान चर या गाळाच्या बेटावर एक लाखाची वसाहत बांधली, पण तिथे गेले त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

इतका गरीब आणि दाटीवाटीचा देश आठ-नऊ वर्षं एवढी माणसं सांभाळतो आहे. त्याच्या धोरणांवर टीका करताना हे विसरू नये.

१६. मग ते परत का जात नाहीत? म्यानमार तर घ्यायला तयार होतं.

नोव्हेंबर २०१७ मध्येच दोन्ही सरकारांचा करार झाला. नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ अशी दोनदा तारीख ठरली, बस उभ्या राहिल्या, एकही जण चढला नाही. कारण त्यांनी याआधी जाऊन पाहिलं होतं. १९७८ ला आलेल्यांचा शिधा तोडून त्यांना परत जायला भाग पाडलं गेलं; छावण्यांत दहा हजारांच्या घरात माणसं दगावली, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाच्याच तिथल्या अधिकाऱ्यानं तेव्हा लिहून ठेवलं. परत गेल्यावर १९८२ चा कायदा वाट पाहत होता. १९९१-९२ ला अडीच लाख आले, त्यांनाही बहुतांशी परत धाडलं. त्यातलीच कुटुंबं २०१७ मध्ये पुन्हा पळून आली.

त्यामुळे त्यांच्या मागण्या ठरलेल्या आहेत: नागरिकत्व, सुरक्षितता, आणि छावणीत न कोंबता आपापल्या गावी जाऊ द्या. एप्रिल २०२५ मध्ये म्यानमारच्या लष्करानं १ लाख ८० हजार जण परतण्यास पात्र असल्याचं कळवलं. ज्या गावांना हे जाणार ती गावं लष्कराकडे उरलेलीच नाहीत (प्रश्न १४).

१७. मुस्लीम देश त्यांना का घेत नाहीत?

सौदी अरेबिया, पाकिस्तान, मलेशियात लाखो रोहिंग्या आहेत, बहुतेक कागदांविना. पण मे २०१५ मध्ये माणसांनी भरलेल्या बोटी अंदमान समुद्रात भटकत होत्या तेव्हा मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड यांच्या नौदलांनी त्या एकमेकांकडे ढकलल्या. अखेर इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या मच्छीमारांनी माणसं किनाऱ्यावर आणली. त्याच आचेमध्ये डिसेंबर २०२३ ला विद्यार्थ्यांच्या जमावानं निर्वासितांना आसऱ्याच्या जागेतून बाहेर काढलं.

१८. भारतात किती रोहिंग्या आहेत? आपला कायदा काय म्हणतो?

२०१७ मध्ये केंद्र सरकारनं अंदाज दिला ४० हजारांचा. निर्वासित उच्चायोगाकडे नोंद आहे त्याच्या निम्म्याच्या आसपास. वस्त्या मुख्यतः जम्मू, हैदराबाद, दिल्ली आणि हरियाणातल्या नूह भागात.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. त्यामुळे उच्चायोगाचं कार्ड असलं तरी सरकारच्या लेखी माणूस बेकायदा परदेशीच. संविधानाचं अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) मात्र नागरिक नसलेल्यालाही लागू होतं. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच आधारावर संरक्षण दिलं होतं. रोहिंग्यांच्या बाबतीत ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात न्यायालयानं १४ आणि २१ सर्वांना आहेत हे मान्य केलं, पण देशात राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ खाली फक्त नागरिकांचा, म्हणून जम्मूत ठेवलेल्यांना सोडण्यास नकार दिला. रीतसर प्रक्रियेशिवाय परत पाठवू नका, एवढंच सांगितलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं म्हटलं की हे निर्वासित की घुसखोर, हा मूळ प्रश्नच आधी ठरवू.

मे २०२५ मध्ये दिल्लीतून उचललेल्या चाळीसेक जणांना अंदमान समुद्रात जीवरक्षक जाकिटं घालून म्यानमारच्या किनाऱ्याजवळ उतरवल्याच्या बातम्या आल्या. म्यानमारमधल्या मानवाधिकारांसाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी चौकशी सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मात्र या कहाणीबद्दल उघड शंका घेतली.

१९. सीएए त्यांना लागू होतो का?

नाही. हा नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा बिगरमुस्लीम समाजांपुरता आहे. म्यानमार यादीतच नसल्यानं प्रश्न ७ मधल्या हिंदूंनाही तो लागू होत नाही.

२०. महाराष्ट्रात ‘बांगलादेशी-रोहिंग्या’ हा शब्द रोज ऐकू येतो. दोन्ही एकच का?

कायद्याच्या दृष्टीनं अजिबात नाही. बांगलादेशी घुसखोराला स्वतःचा देश आहे. ओळख पटली की तो त्याला परत घ्यावा लागतो. रोहिंग्याला ‘आमचा’ म्हणणारा देश नाही, त्यामुळे परत पाठवायचं कुठे हाच प्रश्न उरतो. वर सांगितलेल्या मोठ्या वस्त्यांत महाराष्ट्रातली एकही नाही. मालेगावात खोटे जन्मदाखले काढल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, तिथेही आरोपात दोन्ही नावं जोडीनंच होती. खोटे दाखले काढणं हा गुन्हा आहेच, तो कुणीही केला तरी. पण भाषा आणि धर्मावरून अंदाज बांधला की काय होतं तेही दिसलं: जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून धरून सीमेपलीकडे ढकललेल्यांपैकी काही जण पश्चिम बंगालचे भारतीय नागरिक निघाले. त्यांना परत आणावं लागलं.

२१. छावणीत जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व कोणतं?

बांगलादेशच्या १९५१ च्या कायद्यात तिथे जन्मलेल्याला नागरिकत्वाची तरतूद आहे, पण ती रोहिंग्यांना लावली जात नाही. भारतात ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचा आई किंवा बाप भारतीय असावा लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. म्हणजे रोहिंग्या नवरा आणि भारतीय बायको असलं तरी बहुधा अडतंच. म्यानमारमध्ये १९८२ च्या कायद्यानं आईबापच नागरिक नाहीत. तिकडे परतायचं तर पालकांचं नाव जुन्या घरयादीत सापडावं लागतं, आणि ती यादी कशी कापली जाई ते प्रश्न ४ मध्ये आहे. कॉक्स बाजारच्या छावण्यांत अशी सुमारे ३० हजार मुलं दर वर्षी जन्माला येतात.